पाणी एक, विद्यापीठे तीन

शोधगंगा या पीएच.डी. प्रबंधांच्या संकेतस्थळावर जाऊन विदर्भातल्या कुठल्याही जिल्ह्याचे नाव टाकून पाहावे. प्रबंधांची रांगच लागते. ‘अमुक जिल्ह्यातील तमुक घटकांचा चिकित्सक अभ्यास’, आणि पुढे ‘विशेष संदर्भ : अमुक तालुका’. आत पहिले प्रकरण प्रस्तावनेचे, दुसरे संशोधन पद्धतीचे, मग जिल्ह्याची भौगोलिक माहिती (ती बहुतेक गॅझेटिअरमधून आलेली), मग तीनशे जणांकडून भरून घेतलेली प्रश्नावली, टक्केवारीचे तक्ते, आणि शेवटी ‘शासनाने याकडे लक्ष द्यावे’ छापाच्या शिफारशी. हे लिहिणारी माणसे आळशी असतात असे कोणी समजू नये. सकाळी एका कॉलेजात आणि दुपारी दुसऱ्या कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासाच्या मानधनावर, तास घेऊन, एसटीने घरी परतून, रात्री तक्ते करणारे कितीतरी जण माझ्या ओळखीचे आहेत. त्यांच्यातल्या अनेकांना पडलेला मूळ प्रश्न फार चांगला होता. सिनॉप्सिस, म्हणजे नोंदणीसाठीचा संशोधन आराखडा, करताना तो कापत कापत एका विषयाच्या मापात बसवला गेला आणि उरले ते हे.

म्हणून माझे म्हणणे असे : ग्रामीण विदर्भातल्या संशोधकाला आपला प्रश्न आणि त्याचा आराखडा स्वतः आखता येईल, गरज पडेल तिथला गाईड मागता येईल, अशी पीएच.डी. आपल्या विद्यापीठांनी सुरू करावी. ती सोयीची मात्र असू नये. आजच्या पीएच.डी.पेक्षा ती अवघड असावी. आणि ती एका विद्यापीठाच्या हातची गोष्ट नाही, दोन-तीन विद्यापीठांना एकत्र बसावे लागेल. ते का, हे सांगायला थोडे पूर्णेच्या काठी जावे लागेल.

अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरला आहे. वर जमीन काळी, कसदार. खाली पाणी खारे. विहीर खणा नाहीतर बोअर मारा, ते पाणी पिकाला देता येत नाही. देत राहिले तर जमीन चोपण, म्हणजे क्षारांनी घट्ट आणि नापीक, होते. म्हणून इथला शेतकरी पावसावर आणि नंतर जमिनीत मुरलेल्या ओलीवर हरभरा काढतो. घरातली गत वेगळी नाही. या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हंड्याच्या आत बसलेला पांढरा थर चिंच लावून घासला तरी पुरता निघत नाही. ८४ खेडी योजना, १४० गाव योजना ही नावे इथे पोराटोरांनाही पाठ आहेत, कारण नळाला पाणी कधी येणार यावर घरातली सगळी कामे ठरतात. नळ नसेल त्या दिवशी आर.ओ.चा कॅन. त्या आर.ओ. यंत्रातून बाहेर पडणारे, आणखी खारट झालेले पाणी कुठे जाते, हे कॅन घेणाऱ्याने विचारायचे नसते. ते बहुधा शेजारच्या नालीतच जाते.

आणि या पट्ट्यातल्या गावांत किडनीचे रुग्ण आहेत. संग्रामपूर, जळगाव जामोद, तेल्हारा या भागांतून डायलिसिससाठी जिल्ह्याच्या गावी फेऱ्या घालणारी माणसे आहेत. गावात समीकरण पक्के आहे : खारे पाणी म्हणजे किडनी. विज्ञानात ते इतके सरळ नाही. मधुमेह आणि रक्तदाब ही किडनी खराब होण्याची सर्वांत मोठी कारणे. त्याशिवाय मेच्या उन्हात दिवसभर काम आणि पाणी कमी पिणे, अंग दुखले की मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या वेदनाशामक गोळ्या, फवारणीची औषधे, हेही सगळे संशयितांच्या यादीत येते. त्यात खाऱ्या पाण्याचा वाटा किती, कुणासाठी, किती वर्षे प्यायल्यावर, हा प्रश्न उघडा आहे.

आमच्याकडची एक विद्यार्थिनी या प्रश्नामागे लागली. एम.एस्सी. रसायनशास्त्र, घर याच पट्ट्यात. तिला जाणून घ्यायचे होते ते असे : एकाच घरात, एकाच हंड्यातले पाणी पिऊन सासऱ्याला डायलिसिस लागते आणि सासूला का लागत नाही? नळयोजना आली त्या गावांत आणि रखडली त्या गावांत दहा वर्षांनी काय फरक दिसतो? कॅन कोण विकत घेते, कोण घेत नाही, आणि न घेणाऱ्या घरातली बाई दिवसातून किती पाणी पिते? ती नमुन्याच्या बाटल्या घेऊन एका गावात गेली तेव्हा पारावरच्या एका आजोबांनी तिला विचारले, ‘‘बाई, तुमी पान्याचे डॉक्टर का मानसाचे?’’ तिने हसून वेळ मारून नेली. गाईडसमोर मात्र हसून भागले नाही. त्यांनी सरळ सांगितले, ‘‘टीडीएस (विरघळलेले क्षार) मोज, क्लोराईड मोज, फ्लोराईड, नायट्रेट मोज. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर. किडनीचं नाव सिनॉप्सिसमध्ये नको, आरआरसीत अडकेल.’’ हे गाईड दुष्ट नव्हते. त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. आरआरसी म्हणजे संशोधनाचा विषय मंजूर करणारी समिती. रसायनशास्त्राच्या त्या समितीपुढे क्रिएटिनिनची, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीची, गोष्ट काढली तर समिती म्हणणार, हे आमचे काम नाही. आणि ते खरेही आहे.

आता तिने कुठे जायचे ते बघू. पाण्याचे रसायन आणि भूगर्भशास्त्र संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात. चोपण जमीन आणि खारे पाणी यांवर ज्यांचा हात बसलेला आहे ते मृदाशास्त्रज्ञ अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात. किडनी आणि रोगपरिस्थितीशास्त्र (रोग कुणाला, कुठे, का होतो याचा अभ्यास) हे वैद्यकीय महाविद्यालयांत, म्हणजे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली. तिन्ही विद्यापीठे वेगवेगळ्या कायद्यांनी उभी राहिलेली, तिन्हींची प्रवेश परीक्षा वेगळी, गाईडची मान्यता वेगळी, मंत्रालयातले खातेसुद्धा वेगळे : उच्च शिक्षण, कृषी, वैद्यकीय शिक्षण. जनावरांवर खाऱ्या पाण्याचा काय परिणाम होतो हे विचारायचे म्हटले तर नागपूरचे पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, म्हणजे चौथे. एकविद्याशाखीय आणि आंतरविद्याशाखीय यांवर आपल्याकडे जे चर्चासत्र होते ते एका विद्यापीठातल्या दोन विभागांमधली भिंत धरून होते. ग्रामीण विदर्भातल्या प्रश्नांपुढे भिंत आहे ती विद्यापीठा-विद्यापीठांतली, आणि ती आपण १९६९ पासून, म्हणजे अकोल्याचे कृषी विद्यापीठ झाले तेव्हापासून, एकेक वीट ठेवून उंच केली आहे. प्रत्येक वीट ठेवताना कारण योग्यच होते. शेतीला स्वतंत्र लक्ष हवे होते, आरोग्याला हवे होते.

यावर कोणी म्हणेल, महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ मध्ये चार विद्याशाखा आहेत आणि त्यातली चौथी आंतरविद्याशाखीय अभ्यासाचीच आहे. आहे खरी. पण तिच्यात काय येते पाहा : शिक्षणशास्त्र, शारीरिक शिक्षण, ग्रंथालयशास्त्र, गृहविज्ञान, समाजकार्य, पत्रकारिता. जे विषय विज्ञान, वाणिज्य आणि मानव्य या तीन खोल्यांत मावले नाहीत त्यांची ही चौथी खोली. प्रत्येक विषय त्याच्या त्याच्या अभ्यासमंडळासह शेजारी शेजारी राहतो आणि दुसऱ्याच्या वाटेला जात नाही. शारीरिक शिक्षणातला संशोधक इथे आपल्या विषयातच संशोधन करतो. पाणी आणि किडनीवाली विद्यार्थिनी या दारात गेली तर तिला विचारतील, तुझा विषय कोणता?

नियम आडवा येतो म्हणावे तर तसेही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. विनियमांत दुसऱ्या विभागातला किंवा दुसऱ्या संस्थेतला सहमार्गदर्शक घेता येतो, सक्षम प्राधिकरणाची मान्यता असली की झाले. संशोधन सल्लागार समितीची तरतूद आहे. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करता येते. मुदत किमान तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षे, पुनर्नोंदणी केली तर आणखी दोन, महिलांना त्याहून दोन वर्षे जास्त. कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचे. या श्रेयांकांत एका रसायनवालीला रोगपरिस्थितीशास्त्राचा एक पेपर आणि घरोघरच्या सर्वेक्षणाचा एक पेपर शिकवायला कुणाचीच मनाई नाही. तरी कोर्सवर्क म्हणजे संशोधन पद्धती, संगणक आणि आपल्याच विषयाचा एक पेपर, हा साचा बहुतेक ठिकाणी तसाच आहे.

परदेशात याची वेगळी सोय आहे. कॅनडात माँट्रियलचे कॉन्कॉर्डिया विद्यापीठ असो की व्हँकुव्हरचे ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठ, तिथे विद्यार्थी आपला आराखडा स्वतः मांडतो, वेगवेगळ्या विभागांतले प्राध्यापक स्वतः जमवतो, आणि त्या जमवाजमवीसकट प्रवेश मागतो. आपल्याकडे जवळचे उदाहरण म्हणजे आयआयटी मुंबईतले ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचे पर्याय शोधणारे केंद्र, सितारा. ते १९८५ पासून आहे आणि तिथे अभियंते पाणी, शेती, प्रशासन हे एकत्र धरून पीएच.डी. करतात. ग्रामीण भागाचे हे केंद्र पवईत आहे, याला काय म्हणावे! पण आहे हे बरेच.

आता विरोधाची बाजू. ती मी अनेक स्टाफरूममध्ये ऐकली आहे आणि ती हलकी नाही. पहिली तक्रार : ही खिचडी होईल. तीन विषयांचे थोडे थोडे आणि एकाचेही धड नाही. दुसरी तक्रार जास्त खरी आहे. आपल्याकडे प्रबंध विकत लिहून देणारे आहेत, उचलेगिरी आहे, गाईडच्या घरची कामे करणारे विद्यार्थी आहेत. अशा ठिकाणी ‘स्वतः आखलेली पदवी’ म्हटले की पळवाट तयार. ज्याला कुठल्याच विषयात कुणी पास करणार नाही तो सगळ्या विषयांच्या फटीतून निसटेल. रसायनवाला परीक्षक म्हणेल, समाजशास्त्राचा भाग मला कळत नाही. समाजशास्त्रवाला म्हणेल, रसायनाचे मला माहीत नाही. दोघेही सही करतील.

हा धोका मला मान्य आहे. म्हणूनच अवघड हवी असे सुरुवातीला म्हटले. ज्याला अशी पीएच.डी. हवी त्याने एका विषयाची पद्धत तळापासून आलेली दाखवली पाहिजे, आणि ती दाखवायची नोंदणी पक्की होण्याआधी, त्या विषयाच्या माणसांसमोर तोंडी परीक्षा देऊन. बाकी दोन विषयांत त्याला मास्टर व्हायचे नाही. पण त्यातली माहिती कशी तयार होते आणि कुठे फसते एवढे तरी यायला हवे. आणि प्रबंध तपासताना प्रत्येक विषयाचा परीक्षक वेगळा. त्याने फक्त आपल्या भागावर लेखी मत द्यायचे, आणि एकाही भागाला नापास शेरा आला तर प्रबंध परत. नेहमीच्या पीएच.डी.त परीक्षक सगळ्या प्रबंधावर ‘समाधानकारक’ असे एक वाक्य लिहून मोकळा होतो. इथे ती सवलत नको. पळवाट शोधणारा या रस्त्याला लागणारच नाही. त्याला जुना रस्ता जास्त सोपा पडेल.

खिचडीच्या तक्रारीला मात्र एक उत्तर विदर्भाच्या मातीतच आहे. १९३४ साली वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेले जे. सी. कुमारप्पा मगनवाडीत बसून तेलघाणी, हातकागद, मधमाश्या आणि गावाचा आहार हे सगळे एकाच हिशेबात मांडत होते. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी खेड्यातल्या स्त्रियांच्या आजारांचा अभ्यास केला, तो १९८९ साली ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला. घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा त्यांचा प्रयोग १९९९ साली तिथेच छापून आला. त्या प्रयोगात गावातली बाई बाळाचे वजन घेत होती, श्वास मोजत होती, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देत होती. वैद्यक तर ते होतेच. पण गावातल्या बाईला प्रशिक्षण कसे द्यायचे, तिच्यावर लोकांचा विश्वास कसा बसतो, बाळंतिणीच्या खोलीत कुणाला आत घेतात, हे समजल्याशिवाय तो प्रयोग एक दिवस चालला नसता. ‘लॅन्सेट’ने त्याला खिचडी म्हटले नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने तर विद्यापीठाची वाटच पाहिली नाही. तिथल्या अभ्यासगटात गावकरी बसून जंगल, कायदा आणि पैसा यांचा एकत्र अभ्यास करत आले. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा आहे.

हे सगळे विद्यापीठाबाहेर झाले हे मला खटकते. विद्यापीठात असते तर त्यातून दरवर्षी पाच-दहा तरुण तयार झाले असते. बाहेर असल्याने त्यासाठी एकेक असामान्य माणूस लागतो, आणि असामान्य माणसे दर तालुक्याला येत नाहीत.

२०१७ च्या यवतमाळची आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्या वर्षी कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. बीटी कपाशीत गुलाबी बोंडअळी परतली होती म्हणून फवारण्या वाढल्या. झाडे डोक्याच्या वर गेली होती म्हणून औषध अंगावर पडत होते. फवारणारा बहुधा रोजाने आलेला मजूर, त्याच्या तोंडाला फार तर दुपट्टा. औषधाच्या डब्यावर विषाच्या तीव्रतेप्रमाणे लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण असतो, माहितीपत्रक असते. ते वाचायला लागणारे भिंग कुणाच्याही खिशात नसते. कीटकशास्त्र, वैद्यक, मजुरी, कायदा हे सगळे एका दुपारी एका वावरात एकत्र आले. नंतर चौकशी समिती बसली. समिती ही नेहमी नंतर बसते. आधी या सगळ्या बाजू एकत्र पाहणारा एक अभ्यासक त्या जिल्ह्यात का नव्हता, हे विचारायची रीत आपल्याकडे नाही.

आता नोकरी, कारण तिच्याविना हे सगळे हवेत जाते. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत सहायक प्राध्यापकासाठी संबंधित, सुसंगत किंवा पूरक विषयातली पदव्युत्तर पदवी मागितली आहे. शब्द पुरेसे ऐसपैस आहेत. छाननीच्या टेबलावर मात्र पहिला प्रश्न येतो, ‘‘पीएच.डी. विषयातली आहे का?’’ प्रमाणपत्रावर पाणी, आरोग्य आणि अर्थकारण असे काही दिसले की फाईल बाजूला. जोवर हे चालते तोवर कुठल्याही शहाण्या आईबापाने पोरीला अशी पीएच.डी. करू देऊ नये, असेच मी सांगेन. म्हणून पदवीच्या प्रमाणपत्रावर मूळ विषयाचे नाव ठळक असावे आणि बाकीच्या विषयांची नोंद खाली. तिच्या रसायनशास्त्राच्या अर्जाला त्यामुळे धक्का लागणार नाही. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकासाठी पीएच.डी. अनिवार्य नाही, नेट किंवा सेट पुरते. ही गोष्ट आपल्या कामाची आहे. नोकरीच्या रांगेत उभे राहायला म्हणून पीएच.डी. करणारे थोडे कमी झाले तर प्रश्नासाठी करणाऱ्यांना जागा मिळेल. त्यात तालुका कृषी कार्यालयातला माणूस असेल, ग्रामीण रुग्णालयातला असेल, जिल्हा परिषद शाळेतला असेल. प्रश्न त्यांनाच आधी दिसतो. अर्धवेळची तरतूद त्यांच्यासाठी वापरावी.

गावाचा हिस्साही त्यात हवा. सल्लागार समितीत एक माणूस विद्यापीठाबाहेरचा, त्या प्रश्नात काम केलेला असावा; ढिवर समाजाच्या तलावांवर प्रबंध असेल तर मासेमारी सहकारी संस्थेचा माणूस का नसावा? मानव्य शाखेतला प्रबंध मराठीत चालतो, विज्ञानातला इंग्रजीत जातो, आणि ज्यांच्या विहिरीचे पाणी बाटलीत भरून नेले त्यांना निकाल कळत नाही. व्हायवाच्या आधी निष्कर्ष ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावेत आणि तिथे आलेले आक्षेप प्रबंधाला जोडावेत. मी तर म्हणेन, वऱ्हाडीतच सांगावेत. काही प्राध्यापक याला नाक मुरडतील. पण रक्ताचे नमुने घ्यायचे तर नीतिमत्ता समितीची परवानगी लागते, संमतिपत्र लागते. तालुक्याच्या कॉलेजात सहसा ही समितीच नसते, ती वैद्यकीय महाविद्यालयाकडून मिळवावी लागेल. संमती घ्यायला ज्यांच्या दारात जायचे, त्यांना उत्तर सांगायला परत जाण्यात कमीपणा कसला?

यासाठी नवा कायदा लागत नाही. अमरावती आणि अकोला या दोन विद्यापीठांच्या विद्यापरिषदांनी एकमेकांच्या गाईडना सहमार्गदर्शक म्हणून सरसकट मान्यता द्यावी, नाशिकला तिसऱ्या सहीसाठी विचारावे, आणि कोर्सवर्कचे श्रेयांक परस्परांनी धरावेत. संशोधकांना शिष्यवृत्ती देणाऱ्या महाज्योती (नागपूर), बार्टी आणि सारथी या राज्याच्या संस्थांनी अर्जात एकच विषय निवडायला लावू नये. अकोला-अमरावती जेमतेम शंभर किलोमीटर. याच महामार्गावर २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटरच्या पट्ट्यात १०५ तास ३३ मिनिटांत डांबर टाकून आपण गिनीज बुकात नाव लावले होते. सहमार्गदर्शकाची फाईल त्या रस्त्याने पुढच्या शैक्षणिक वर्षापर्यंत जायला हरकत नसावी. खारपाणपट्ट्याचा एक, यवतमाळच्या फवारणीचा एक, भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या काळातल्या) तलावांचा एक, असे तीनच विद्यार्थी पहिल्या वर्षी घ्यावेत. तिघांतला एक नापास झाला तरी चालेल. त्याचा प्रबंध का फसला हेही छापून ठेवावे, पुढच्याला कामाला येईल.